सोलापूर ते उमरगा : गाडीतला वायरलेस, त्याची शक्ती आणि त्याचा ताप

#धागा #इतिहास

१/
१३ सप्टेंबर १९४८. पहाटे चारच्या सुमारास सोलापूरच्या बाजूने भारतीय सैन्याचा चिलखती ताफा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरला. ‘ऑपरेशन पोलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कारवाईची कथा महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते. रणगाडे, विमाने, नळदुर्गचा पूल, अखेरची शरणागती हे सर्व तिच्यात येते. मैलोन्‌मैल पसरलेल्या त्या ताफ्यातील गाड्या एकमेकींशी बोलत कशा होत्या, हे मात्र क्वचितच येते. गाडीत बसवलेल्या दुतर्फी वायरलेस संचाला शक्ती कोठून मिळे, तिच्यातील किती अँटेनापर्यंत पोहोचे आणि उरलेलीची उष्णता कोण सोसे, याचा हा इतिहास. त्याचे दोन मोठे प्रसंग सोलापूरहून उमरग्याकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर घडले.

२/
आधी रणभूमी लक्षात घ्यावी. दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी होते. मुख्य आघाडी पश्चिमेकडून, सोलापूर–हैदराबाद रस्त्याने होती आणि तिचे नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होते. त्यांच्या सैन्याचे चार भाग पाडले होते : वेगाने पुढे सरकणारा ‘स्ट्राइक फोर्स’, रणगाडे व तोफखान्याचा ‘स्मॅश फोर्स’, पायदळ व अभियंत्यांचा ‘किल फोर्स’ आणि पाठीशी ‘वीर फोर्स’. चार निराळ्या चालींनी चालणारे चार गट एकाच रस्त्यावर, एकाच वेळी. अशा रचनेत पुढच्याला काय दिसले हे मागच्याला काही मिनिटांत कळले नाही, तर रस्ता तुंबतो आणि तुंबलेला रस्ता शत्रूच्या तोफांना आयता सापडतो.

३/
पहिली चकमक नळदुर्गला झाली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती येणे आवश्यक होते. ७ व्या ब्रिगेडने तो ताब्यात घेतला आणि २ शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला चढवला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला होती आणि दुपारी सव्वातीनला उमरग्याला, म्हणजे संस्थानाच्या हद्दीत ६१ किलोमीटर आत. या वेगाला टेलिफोनची तार पुरी पडत नाही. सैनिकांनी रस्त्याकडेने तार अंथरत जावे, तोवर आघाडीच्या गाड्या पुढच्या गावात पोहोचलेल्या असतात. तेव्हा आघाडी आणि पिछाडी यांच्यामध्ये उरत होता तो केवळ बिनतारी संदेश.

४/
दुसऱ्या दिवशी, १४ सप्टेंबरला, ताफा उमरग्याहून राजेश्वरकडे निघाला. अंतर सुमारे ४८ किलोमीटर. वाटेत दबा धरून बसलेली ठाणी होती. ती मोकळी करण्यासाठी ‘टेम्पेस्ट’ विमानांचे हल्ले मागवण्यात आले आणि दुपारनंतर राजेश्वर हाती आले. जमिनीवरच्या ताफ्याने विमानांचा मारा मागवणे, हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात अर्ध्या ओळीचे असते. त्या अर्ध्या ओळीत एक बॅटरी असते, तापलेल्या व्हॉल्व्हचा एक संच असतो आणि कानाला हेडफोन लावून बसलेला एक सिग्नलचा जवान असतो. यांपैकी एकानेही दगा दिला, तर आपलीच माणसे कोठे आहेत हे विमानाला कळण्याचा मार्ग बंद होतो.

५/
गाडीत वायरलेस बसवण्याची कल्पना तेव्हा फारशी जुनी नव्हती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी १९२३ मध्ये मोटारीत बिनतारी यंत्रणा बसवून पाहिली. यंत्रांनी मोटारीची मागची बाजू व्यापली होती आणि भाषा मोर्सची होती. अमेरिकेतील डेट्रॉइट पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींना बोललेला आदेश ऐकवण्याची नियमित व्यवस्था उभारली, पण मोटारीतून उत्तर देता येत नसे. खऱ्या अर्थाने दुतर्फी पोलीस रेडिओ न्यू जर्सीतील बायोन शहरात १९३३ मध्ये आला. ऐकण्यापासून बोलण्यापर्यंतच्या या पाच वर्षांत अडचण कल्पनेची नव्हती, विजेची होती.

६/
ऐकणाऱ्या संचाला थोडी वीज पुरते, कारण हवेतून आलेला संकेत फक्त मोठा करून कानाशी आणायचा असतो. बोलणाऱ्या संचाला मात्र स्वतः शक्ती निर्माण करून अँटेनात ओतावी लागते. त्या काळच्या व्हॉल्व्हना त्यासाठी शेकडो व्होल्टचा दाब लागे आणि मोटारीच्या बॅटरीत असत ६ किंवा १२ व्होल्ट. मधला दुवा होता ‘डायनॅमोटर’ : एकाच दांड्यावर मोटर आणि जनित्र. बॅटरीने मोटर फिरवायची, जनित्राने उंच दाब द्यायचा. बोलण्याचे बटण दाबले की हे यंत्र घुरघुरू लागे. प्रत्येक रूपांतरात विजेचा काही भाग उष्णता होऊन जाई. संदेश हवेत उमटण्याआधीच गाडीने त्याची किंमत मोजलेली असे.

७/
१९४० च्या सुमारास अमेरिकेच्या कनेटिकट राज्य पोलिसांसाठी प्राध्यापक डॅनियल नोबल यांनी एडविन आर्मस्ट्राँग यांच्या एफएम पद्धतीवर दुतर्फी यंत्रणा उभी केली. एफएममुळे इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर कमी झाली आणि तितक्याच शक्तीत आवाज अधिक स्पष्ट कळू लागला. शक्ती न वाढवता संदेश सुधारता येतो, हा धडा येथे प्रथम ठळकपणे मिळाला. पुढच्या साऱ्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा येतो. त्यानंतर लगेच अमेरिका महायुद्धात उतरली आणि गाडीतला रेडिओ लाखोंच्या संख्येने बनू लागला.

८/
ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैन्यांच्या चिलखती गाड्यांत या युद्धात जो संच सर्वत्र दिसे, त्याचे नाव ‘वायरलेस सेट क्रमांक १९’. पाय या ब्रिटिश कंपनीने तो विकसित केला आणि ब्रिटन, कॅनडा व अमेरिका या तिन्ही देशांत तो तयार झाला. रशियाला पाठवायच्या संचांवर इंग्रजीसोबत रशियन अक्षरेही छापलेली असत. एका पेटीत तीन कामे होती : दूर बोलण्यासाठी २ ते ८ मेगाहर्ट्झचा ‘ए’ संच, शेजारच्या रणगाड्याशी बोलण्यासाठी जेमतेम किलोमीटरभर पोहोचणारा ‘बी’ संच, आणि रणगाड्यातील माणसांना आपसात बोलण्यासाठी इंटरकॉम. स्वातंत्र्यानंतर भारतीय चिलखती दलाच्या वाट्याला हाच वारसा आला.

९/
या संचाचा हिशेब बोलका आहे. बोलताना तो बॅटरीतून शंभराच्या आसपास वॉट घेई आणि अँटेनातून बाहेर पडत एक आकडी वॉट. उरलेले सारे कोठे जाई? काही डायनॅमोटरच्या वेटोळ्यांत, काही व्हॉल्व्हच्या तापलेल्या तारांत, काही काचेतून पेटीच्या पत्र्यात. म्हणजे रणगाड्याच्या बंद पोटात, इंजिनाच्या शेजारी आणि माणसांच्या मध्ये, एका मोठ्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता सतत भर घालत असे. सप्टेंबरचा पावसाळी दमटपणा त्यात मिसळला की पोलादी पेटीतले हवामान कसे होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

१०/
आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. व्हॉल्व्हच्या संचात गप्प राहण्यालाही वीज लागे. प्रत्येक व्हॉल्व्हमधील तार सतत तापलेली असल्याखेरीज तो कामच करत नाही. त्यामुळे रात्री मुक्काम पडल्यावर इंजिने बंद, दिवे बंद, कोणी बोलत नाही, तरीही कान उघडे ठेवणारा संच तासागणिक बॅटरी पिऊन टाकी. सकाळी रणगाडा सुरू करायला तीच बॅटरी लागणार. म्हणून सिग्नलच्या साहित्यात छोटी पेट्रोल-जनित्रे असत आणि बॅटऱ्या भरून ठेवणे हे नित्याचे काम असे. ज्या कामाची नोंद रणवृत्तात होत नाही, त्यावर दुसऱ्या दिवसाची पहिली आज्ञा अवलंबून होती.

११/
आता अंतराचा प्रश्न. चालत्या गाडीवरच्या आठ फुटी काठीसारख्या अँटेनाने ‘ए’ संचाचे बोलणे साधारणपणे १५ किलोमीटरपर्यंत पोहोचेल, असा अंदाज धरला जाई. पहिल्याच दिवशी आघाडी ६१ किलोमीटर आत गेली होती. अशा वेळी सिग्नल दलांचे ठराविक उपाय असत. बोलण्याऐवजी मोर्स वापरणे, कारण टिंब आणि रेघ हे क्षीण संकेतातही ओळखू येतात. गाडी थांबवून लांब तारेची अँटेना ताणणे. मधल्या गाडीने निरोप ऐकून पुढे पोहोचवणे. आणि अखेरीस, अधिक शक्तीचे वेगळे संच किंवा क्रमांक १९ ला जोडायचा शक्तिवर्धक वापरणे. हा शेवटचा उपाय सर्वांत महाग : अधिक बॅटऱ्या, अधिक उष्णता.

१२/
शक्ती वाढवण्याचा उपाय महाग का, हे एका साध्या गणिताने कळते. मोकळ्या अवकाशात पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती चौपट लागते. जमिनीलगतच्या अँटेनांची गोष्ट अधिक कठोर असते, कारण जमिनीवरून परावर्तित होणारी लहर मूळ लहरीला मारक ठरते. तेथे पल्ला दुप्पट करायला शक्ती सुमारे सोळापट लागते. म्हणजे ५ वॉटच्या संचाऐवजी ५० वॉटचा आणला, तरी पल्ला दहापट होत नाही. तो पावणेदोन पटींच्या आसपास वाढतो. उष्णता मात्र जवळजवळ दहापट होते. कारखान्यापासून रणांगणापर्यंत, गाडीतल्या रेडिओचा प्रत्येक निर्णय या विषम सौद्याभोवती फिरला आहे.

१३/
यातूनच ‘रेडिओ शिस्त’ घडली. बोलण्याआधी निरोप मनात जुळवावा, ठरलेल्या सांकेतिक नावाने हाक द्यावी, मोजके बोलावे, ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडावे. या शिस्तीची पहिली कारणे उघड आहेत : शत्रू ऐकत असतो आणि एकाच मार्गावर अनेकांना बोलायचे असते. तिसरे कारण पेटीच्या आत आहे. बटण दाबलेले असेपर्यंत डायनॅमोटर व शक्तीचा व्हॉल्व्ह तापत राहतात आणि सोडल्यावरच निवू लागतात. दहा सेकंदांत संपणारा निरोप दोन मिनिटे सांगणारा जवान वेळ, गुप्तता आणि संच, तिन्ही वाया घालवत असे.

१४/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी सायंकाळी पाच वाजता निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल अल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. कारवाईमागचे राजकारण आणि तिच्या पाठोपाठ सामान्य माणसांच्या वाट्याला आलेली हिंसा हे स्वतंत्र आणि गंभीर विषय आहेत, एका धाग्याच्या ओळीत त्यांना न्याय मिळणार नाही. येथे एवढेच पाहावे की वेगवान ताफ्याचे युद्ध हे बॅटरीच्या आणि उष्णतेच्या मर्यादेत लढले जाते. तो ताफा निघण्याच्या नऊ महिने आधी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, ही मर्यादा बदलणारा शोध लागलेला होता.

१५/
तो शोध म्हणजे ट्रान्झिस्टर. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो प्रथम चालला. त्याला तापलेल्या तारेची गरज नव्हती, त्यामुळे गप्प बसण्याची किंमत जवळजवळ संपली. पण सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते आणि जर्मेनियम उष्णतेला भित्रे. त्याच्या गाभ्याचे तापमान ८० ते १०० अंशांच्या घरात गेले की तो बिघडू लागतो. तापला की अधिक विद्युतप्रवाह वाहू देतो, त्याने आणखी तापतो आणि आवरले नाही तर जळून जातो. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. तो १५० ते २०० अंशांपर्यंत तग धरी. सोलापूरसारख्या गावाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक होता.

१६/
त्याच वर्षी, १९५४ मध्ये, भारत सरकारने बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड स्थापन केली. सैन्याच्या दळणवळणाची यंत्रे देशातच तयार व्हावीत हा तिचा मूळ हेतू होता. १९५६ पासून तेथे दळणवळणाची उपकरणे बनू लागली, १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह आणि १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक. ज्या देशाच्या ताफ्याने १९४८ मध्ये महायुद्धाच्या उरलेल्या वारशावर भिस्त ठेवली, त्याने चौदा वर्षांत व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही आपल्या कारखान्यात केले. या काळात तंत्र आयात करणे सोपे होते, पण हवामान आयात करता येत नव्हते. येथील उन्हात चालणारी वस्तू येथेच तपासून घ्यावी लागे.

१७/
गाडीतल्या रेडिओत ट्रान्झिस्टर आला तो मागच्या दाराने. १९५८ मध्ये मोटोरोलाने ‘मोट्रॅक’ हा संच आणला. त्यात ऐकण्याचा भाग आणि वीजपुरवठा पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर होता. डायनॅमोटरची घुरघुर गेली आणि इंजिन बंद ठेवूनही संच वापरता येऊ लागला. पण अँटेनात शक्ती ओतणाऱ्या अखेरच्या टप्प्यावर व्हॉल्व्हच राहिला. तेवढी शक्ती आणि तेवढी उष्णता सोसणारा ट्रान्झिस्टर त्या कंपनसंख्येवर अजून परवडण्याजोगा नव्हता. बोलणे हेच सर्वांत अवघड, ही १९२८ ची गोष्ट तीस वर्षांनंतरही खरी होती. पूर्ण घन-अवस्थेचे संच त्यानंतरच्या दशकात रुळले.

१८/
व्हॉल्व्ह गेल्याने उष्णता गेली, असे मात्र झाले नाही. तिची जागा बदलली. व्हॉल्व्हची काच मोठी आणि मुळातच तापण्यासाठी केलेली, ती स्वतःच उष्णता बाहेर फेके. ट्रान्झिस्टरमध्ये तेवढीच उष्णता नखाहून लहान तुकड्यात जन्माला येते आणि तेथून तिला वाट काढून द्यावी लागते : तुकड्यातून धातूच्या बैठकीत, बैठकीतून ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांत, पाकळ्यांतून हवेत. संचाच्या पाठीवर दिसणाऱ्या या पाकळ्या, म्हणजे हीटसिंक, शोभेच्या नसतात. ५० वॉट पाठवणारा संच बॅटरीतून सहज १५० वॉट घेतो. उरलेले १०० वॉट त्या पाकळ्यांनी हवेला द्यायचे असतात.

१९/
त्या पाकळ्या किती तापतील, याचा हिशेब करता येतो. समजा, दर वॉटला त्या हवेपेक्षा अर्धा अंश वर चढतात. १०० वॉट सतत सोडले तर वाढ ५० अंशांची. २५ अंशांच्या हवेत त्या ७५ अंशांवर स्थिरावतील. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत साठी गाठणे नवलाचे नसते. तेव्हा त्याच पाकळ्या ११० अंशांवर जातील आणि आतला तुकडा त्याहून पुष्कळ वर. थंड देशाच्या टेबलावर निर्दोष ठरलेला संच येथे दुपारी दोन वाजता का थकतो, याचे उत्तर या बेरजेत आहे.

२०/
म्हणून कारखान्यांनी एक तडजोड मान्य केली. गाडीतला संच अखंड बोलण्यासाठी बनवलाच जात नाही. अमेरिकी उद्योगमानकात त्यासाठी ठरलेले प्रमाण होते : एक मिनिट बोलणे, चार मिनिटे विश्रांती. म्हणजे वेळेचा पाचवा हिस्सा. या हिशेबाने वरच्या उदाहरणातील १०० वॉटची उष्णता सरासरीने २० वॉटवर येते आणि पाकळ्या छोट्या, संच हलका, किंमत आवाक्यात राहते. १९४८ च्या जवानाला शिकवलेली शिस्त अशा रीतीने पुढच्या पिढीच्या यंत्राच्या मापातच उतरली. मोजके बोलणाऱ्या माणसाला गृहीत धरून संच घडवला जाऊ लागला.

२१/
माणूस शिस्त मोडणार, हेही गृहीत धरले गेले. बटण फार वेळ दाबलेले राहिले तर आपोआप बोलणे तोडणारा घड्याळ-खटका आला. गाभा तापला की शक्ती हळूहळू उतरवणारे मंडल आले. अँटेना तुटलेली किंवा केबल सैल असेल, तर बाहेर न गेलेली शक्ती परतून संचालाच भाजते, तेव्हाही हेच मंडल हात आखडते. अनेक संचांवर ‘उच्च’ आणि ‘नीच’ शक्तीचा खटका असतो. तारही महत्त्वाची : १२ अँपिअर प्रवाहाला वाटेत दशांश ओहमचा अडथळा असला, तरी १.२ व्होल्ट वाटेतच गळतात आणि चौदा वॉट नुसती तार तापवतात. बॅटरीपासून थेट जाड तार ओढण्याचा आग्रह त्यासाठी असतो.

२२/
आता पोलीस दलाकडे. राज्याराज्यांतील पोलीस बिनतारी यंत्रणांचा मेळ घालणारे केंद्रीय कार्यालय १९४६ मध्ये अस्तित्वात आले. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात या यंत्रणेची कसोटी दरवर्षी आषाढीला पंढरपुरात लागते. लाखो वारकरी, उभ्या गाड्या, तासन्‌तास चालू संच. धावत्या गाडीला वारा लागतो आणि इंजिन बॅटरी भरत राहते. उभ्या गाडीला दोन्ही नाही. अशा ठिकाणी शहाणपणाचा मार्ग म्हणजे गाडीतली शक्ती कमी ठेवून उंची वाढवणे. दोन मीटर उंचीच्या दोन गाड्यांतले रेडिओ-क्षितिज जेमतेम १२ किलोमीटरचे असते. एका टोकाला ३० मीटरचा मनोरा दिला की तेच २८ किलोमीटरपर्यंत जाते, आणि गाडीतला एकही वॉट वाढत नाही.

२३/
आणि मग तोच रस्ता पुन्हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्रीचे गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपलेली असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांची जमीन हादरली. केंद्र किल्लारी, उमरग्यापासून तिसेक किलोमीटरवर. आठ ते दहा हजार माणसे दगावली, दगडमातीची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली, सास्तूरसारखी गावे भुईसपाट झाली. भारतात मोबाईल सेवा सुरू व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. उद्ध्वस्त गावात वीज नाही, दूरध्वनी नाही. कोणत्या ढिगाऱ्याखाली हाका ऐकू येत आहेत आणि रुग्णवाहिका कोणत्या गावी रिकामी उभी आहे, हे सांगायला वायरलेस उरला.

२४/
सैन्य आणि पोलिसांबरोबर हौशी रेडिओचालकही आपले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात पोहोचले. अशा ठिकाणी गाडी हेच वीजकेंद्र असते. १२ व्होल्टची बॅटरी संच चालवते आणि इंजिन ती बॅटरी भरते. पण डिझेल-पेट्रोलही मोजकेच असते आणि त्यावर रुग्णवाहिकांचा पहिला हक्क असतो. नेहमी उच्च शक्तीवर बोलणारा संच दुपारपर्यंत बॅटरी आणि स्वतःला थकवतो. निरोप पोहोचेल एवढीच शक्ती ठेवणारा, अँटेना थोडी उंच बांधणारा आणि दोन निरोपांमध्ये संचाला निवू देणारा चालक रात्रीही हाकेला उत्तर देऊ शकतो. जखमींना उमरगा, लातूर, सोलापूरच्या रुग्णालयांकडे हलवताना प्रत्येक उत्तराला माणसाच्या जिवाचे मोल होते.

२५/
दोन्ही प्रसंगांमध्ये ४५ वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात व्हॉल्व्ह आणि डायनॅमोटर, दुसऱ्यात सिलिकॉन. पेटीचा आकार व वजन घटले, गप्प बसण्याची किंमत घटली. बदलला नाही तो सौदा : दूर जायचे तर शक्ती, शक्तीबरोबर उष्णता, आणि उष्णतेला लागणारा वेळ. आजच्या खिशातल्या मोबाईलने हा सौदा माणसाच्या हातून काढून घेतला आहे. मनोरा जवळ असला की तो स्वतःहून हळू बोलतो, दूर गेला की जोर लावतो. संपर्क क्षीण असलेल्या गावी फोन हाताला गरम लागतो आणि बॅटरी लवकर उतरते, ते याच कारणाने. १९४८ च्या जवानाने डोक्याने केलेला हिशेब आता आतला तुकडा सेकंदाला शेकडो वेळा करतो.

२६/
सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ६५ आहे. नळदुर्गपाशी बोरी नदी लागते, मग जळकोट, मग उमरगा, आणि तेथून उत्तरेला किल्लारीकडे वाट फुटते. १९४८ च्या ताफ्याला ज्या उमरग्यापर्यंत यायला पहाटेपासून दुपार झाली, तेथे आज सोलापूरची मोटार सकाळच्या चहाआधी पोहोचते. या वाटेवर पोलिसांची एखादी गाडी उन्हात उभी दिसली, तर तिच्या टपावरच्या काठीकडे क्षणभर पाहावे. आत कोणीतरी ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडले असेल आणि संचाच्या पाठीवरच्या पाकळ्या पुढच्या निरोपासाठी निवत असतील.

(धागा समाप्त)